पहिले पंधरा सेकंद

सकाळी सव्वानऊच्या आत मामाची पूजा आटोपलेली असते, चहाचा दुसरा कप संपलेला असतो आणि टीव्हीवर शेअर बाजाराची वाहिनी लागलेली असते. आवाज बारीक, कारण मामीला तो सूर सहन होत नाही. एसटीतून निवृत्त झाल्यापासूनचा हा नेम आहे. अँकर एखाद्या कंपनीचं नाव घेते. मामा चष्मा शोधतो, मोबाइल उघडतो, पासवर्ड एकदा चुकतो, आणि तो खरेदीचं बटण दाबेपर्यंत भाव चार रुपयांनी चढलेला असतो. तरीही तो घेतोच. साडेतीनला बाजार बंद होतो तेव्हा भाव पुष्कळदा सकाळच्या जागेवर परत आलेला असतो, कधी त्याच्याही खाली.

"बातमी तर खरी होती," मामा म्हणतो, "मग मधले पैसे गेले कुणाकडे?"

हा प्रश्न भाबडा वाटतो, पण अर्थशास्त्राच्या दोन प्राध्यापकांनी घड्याळ लावून त्याचा अभ्यास केला आहे. अभ्यासासाठी त्यांनी न्यूयॉर्कच्या बाजाराच्या बातम्या देणारी सीएनबीसी ही अमेरिकी वाहिनी निवडली. त्या वाहिनीवर बातमी देणाऱ्यांत एक बाई होती, मारिया बार्टिरोमो. टीव्हीवरच्या व्यापारविषयक पत्रकाराचं काम नेमकं कसं चालतं, हे समजून घ्यायला तिच्या कारकिर्दीसारखं दुसरं उदाहरण नाही. त्यातल्या चुकांसकट.

कोट सांभाळणारी मुलगी

मारियाचा जन्म 11 सप्टेंबर 1967 चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. घर इटालियन वंशाचं. वडिलांचं 'रेक्स मॅनर' नावाचं रेस्टॉरंट होतं आणि तिथे येणाऱ्या पाहुण्यांचे कोट घेऊन ठेवायचं, जाताना परत द्यायचं काम तिने शाळकरी वयात केलं. त्याच 1967 च्या डिसेंबरात म्युरिएल सीबर्ट नावाच्या बाईंनी न्यूयॉर्क शेअर बाजाराचं सदस्यत्व विकत घेतलं. 1365 पुरुष सदस्य आणि त्या एकट्या बाई. मारिया ज्या दालनात पुढे उभी राहिली, ते असं होतं.

न्यूयॉर्क विद्यापीठात ती पत्रकारिता शिकली आणि जोडीला तिने अर्थशास्त्र घेतलं. मग पाच वर्षं सीएनएनच्या व्यापार विभागात पडद्यामागे काढली. तिथे चेहरा दाखवायचा नसतो. कोणती बातमी आधी, कोणती नंतर, कुणाला फोन लावायचा, कोणता आकडा दोनदा तपासायचा, हे ठरवायचं असतं. मला वाटतं, तिच्या पुढच्या यशातला मोठा वाटा या पाच वर्षांचा आहे. 1993 मध्ये ती सीएनबीसीत आली. 1989 मध्ये सुरू झालेली ही वाहिनी तेव्हा कुणी फारशी मनावर घेत नसे.

फ्लोअरवर

1995 मध्ये वाहिनीने तिला थेट न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या फ्लोअरवर उभं केलं. तिथून रोज थेट प्रक्षेपण करणारी ती पहिलीच पत्रकार.

हे फ्लोअर म्हणजे काय, ते आपल्याकडच्या जुन्या लोकांना सांगावं लागणार नाही. दलाल स्ट्रीटवर 'रिंग' होती. तिथे दलाल आणि स्वतःसाठी सौदे करणारे तारवणीवाले हातवारे करत, ओरडून सौदे करत. गंमत म्हणजे मारिया त्या गोंगाटात शिरली त्याच 1995 साली मुंबई शेअर बाजारात 'बोल्ट' ही संगणकी यंत्रणा आली आणि आपली रिंग ओस पडत गेली. न्यूयॉर्कने मात्र माणसं ठेवली. एकेका कंपनीच्या शेअरसाठी एक ठरलेला 'स्पेशालिस्ट' असे. तो आपल्या जागेवर उभा, भोवती दलालांचा गराडा, पायाखाली कागदाच्या चिठ्ठ्यांचा खच. या गर्दीत पाठीमागून धक्के खात, कानात इयरपीस घालून, कॅमेऱ्याकडे बघत ती बोलायची.

इयरपीसमध्ये नियंत्रण कक्षातून निर्माता बोलत असतो: वीस सेकंद राहिले, दहा, आवर. एका कानाने त्याचं ऐकायचं, दुसऱ्या कानाने शेजारच्या गराड्यातला आवाज कुठे वाढला ते टिपायचं, आणि तोंडाने प्रेक्षकांशी बोलत राहायचं. लग्नघरात एकाच वेळी आचाऱ्याचं, गुरुजींचं आणि व्याह्यांचं ऐकणाऱ्या यजमानिणीला हे कसब समजेल.

वेळही नामी मिळाली. 1995 च्या ऑगस्टमध्ये नेटस्केप कंपनीचा 28 डॉलरला विकलेला शेअर पहिल्याच दिवशी 58 डॉलरच्या वर बंद झाला आणि इंटरनेट कंपन्यांची लाट आली. न्हाव्याच्या दुकानात, व्यायामशाळेत, बारमध्ये क्रिकेटसारखी सीएनबीसी चालू असे. पंक संगीतातल्या रामोन्स बँडचा गायक जोई रामोन याला शेअरचा नाद होता. त्याने तिच्या नावाचं गाणंच केलं, जे 2002 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर आलं. वर्तमानपत्रांनी तिला 'मनी हनी' हे टोपणनाव दिलं. पुरुष वार्ताहराला असलं नाव कुणी दिलं नसतं, पण पुढे तिने तेच नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायला अर्ज केला. व्यवहार तिला कळत होता.

हापूसच्या पेट्या

आता मामाच्या प्रश्नाकडे येऊ. एका वाक्याने भाव हलतो कसा?

वाशीच्या बाजाराची कल्पना करा. हापूसच्या पेट्या घेऊन दहा विक्रेते बसलेत. दोघे म्हणतात, पेटी 2000 ला देतो. तिघे 2050 वर अडून आहेत, बाकीचे 2100 आणि पुढे. समोर घेणारेही आहेत, पण ते 1980 च्या वर जायला तयार नाहीत. शेअर बाजारात प्रत्येक कंपनीची अशीच यादी सतत तयार होत असते. एका बाजूला विकणाऱ्यांचे भाव, दुसऱ्या बाजूला घेणाऱ्यांचे. मधली 20 रुपयांची फट बुजली की सौदा होतो, आणि जो सौदा शेवटचा झाला त्याचा आकडा आपल्याला पडद्यावर 'भाव' म्हणून दिसतो.

तेवढ्यात कुणी ओरडलं, "रत्नागिरीत अवकाळी पाऊस झाला, पुढचा माल येणार नाही!" जो सर्वांत जवळ उभा आहे तो 2000 च्या दोन पेट्या उचलतो. दुसरा 2050 च्या तीन. काही विक्रेते तर तोंडातला भाव गिळून नवा सांगतात. दारातून धावत आलेल्या माणसाला 2200 च्या खाली पेटी मिळत नाही. आंबा तोच आहे, बातमीही खरी आहे, पण बातमीची किंमत त्याच्या हातात येण्याआधीच भावात मिसळून गेली आहे.

मामा हा दारातून धावत आलेला माणूस.

एमरी विद्यापीठातल्या जेफ्री बसे आणि क्लिफ्टन ग्रीन यांनी हेच सेकंदांच्या हिशेबात मोजलं. त्यांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. सीएनबीसीवर 'मॉर्निंग कॉल' आणि 'मिडडे कॉल' असे दोन छोटे भाग असत. मोठ्या दलाली पेढ्यांचे विश्लेषक कोणत्या शेअरबद्दल काय म्हणताहेत ते त्यात सांगितलं जाई, आणि दुपारचा भाग मारियाचा. दोघा प्राध्यापकांनी प्रत्येक शेअरचं नाव उच्चारल्याचा क्षण टिपला आणि पुढच्या सौद्यांची नोंद तपासली. नाव उच्चारल्यावर काही सेकंदांतच भाव हलू लागे. पहिल्या मिनिटात सौद्यांची घाई दुपटीने वाढे. चांगली बातमी एका मिनिटात भावात पुरती जिरून जाई. थोडाफार फायदा झाला तो पहिल्या पंधरा सेकंदांत सौदा करू शकलेल्या मोजक्या लोकांना.

पंधरा सेकंदांत आमच्या मामाचा चष्माही सापडत नाही.

चौकट: पडद्याखालची सरकती पट्टी कशी वाचायची

*ही पट्टी टीव्हीच्या आधीपासून आहे. एडवर्ड कॅलहन याने 1867 मध्ये तारयंत्रावरून भाव छापणारं यंत्र न्यूयॉर्कमध्ये आणलं. कागदाची चिंचोळी फीत टिकटिक करत बाहेर पडे, म्हणून 'टिकर'.*

*पट्टीवर आधी कंपनीचं आखूड नाव येतं, मग भाव, मग कालच्या बंद भावापेक्षा किती वर किंवा खाली. हिरवा म्हणजे कालच्यापेक्षा वर. तुम्ही बघत असताना तो चढतोय, असा त्याचा अर्थ होत नाही. सकाळी 30 रुपये चढून आता 25 रुपयांनी उतरलेला शेअरही हिरवाच दिसतो. पुष्कळ लोक इथेच फसतात.*

वाईट बातमी सावकाश का चालते?

बसे आणि ग्रीन यांच्या अभ्यासातली एक गोष्ट मला जास्त रंजक वाटते. चांगली बातमी एका मिनिटात जिरली, पण वाईट बातमी जिरायला सुमारे पंधरा मिनिटं लागली. आपला अनुभव उलटा असतो. गावात वाईट बातमी आधी पोचते.

कारण असं. चांगली बातमी ऐकून कुणीही घेऊ शकतो, फक्त खिशात पैसे हवेत. वाईट बातमीवर कमाई करायची तर विकावं लागतं, आणि विकायला आपल्याकडे माल हवा. नसेल तर उसना आणावा लागतो. शेजाऱ्याकडून कांद्याची गोण उसनी घेतली, आज 1500 ला विकली, आठवड्याने भाव पडल्यावर 1000 ला नवी गोण घेऊन त्याला परत केली, तर 500 रुपये सुटले. यालाच 'शॉर्ट सेलिंग' म्हणतात. पण उसनवारीला शेजारी तयार हवा, त्याला काही द्यावं लागतं, आणि भाव चढला तर आपलंच दिवाळं. एवढा खटाटोप असल्यामुळे वाईट बातमीमागे धावणारे कमी, म्हणून ती सावकाश झिरपते, असा प्राध्यापकांचा तर्क आहे.

साडीचं दुकान आणि बोहारीण

मामा चढ्या भावाने तरी का घेतो? तो मूर्ख नाही. एसटीच्या पतपेढीचा हिशेब त्याने वर्षानुवर्षं पाहिला आहे.

ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या दोन अमेरिकी संशोधकांनी 2008 मध्ये याचं उत्तर मांडलं. त्यांना दिसलं, की ज्या शेअरकडे त्या दिवशी लक्ष वेधलं जातं, मग बातमीमुळे असो की मोठ्या चढउतारामुळे, तो घरगुती गुंतवणूकदार विकण्यापेक्षा घेतोच जास्त. साडीच्या दुकानात हजारो साड्या असतात. सगळ्या उलगडून बघणं शक्य नसतं, म्हणून दुकानदार जी समोर टाकतो तिच्यातूनच आपण निवडतो. पण दारात बोहारीण आली, की भांड्याच्या बदल्यात काय द्यायचं ते आपल्याच कपाटातून निघतं. तिथे कुणी काही समोर टाकायची गरज नसते. शेअरचंही तसंच. विकायचे ते आपल्याकडच्या आठ-दहांतून, घ्यायचे ते हजारोंतून. आणि हजारोंतून एक उचलून समोर टाकायचं काम अँकर करते.

म्हणजे ती 'घ्या' म्हणाली नाही, नुसतं नाव घेतलं, तरी ढीगभर लोक घेतात. या व्यवसायाची ताकद इथे आहे, आणि भयही इथेच.

भय कसलं? समजा, एखाद्या निवेदकाच्या घरच्यांनी आदल्या दिवशी शेअर घेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याने कार्यक्रमात तेच नाव घेतलं. प्रेक्षक तुटून पडले, भाव चढला आणि घरच्यांनी त्यांनाच विकून टाकले. जानेवारी 2021 मध्ये आपल्या शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने एका हिंदी व्यापार वाहिनीच्या निवेदकावर आणि त्याच्या कुटुंबीयांवर अंतरिम आदेशाने बाजारात व्यवहार करायला बंदी घातली, ती अशाच ठपक्यावरून. मामाच्या प्रश्नाचं एक उत्तर, सगळ्यात कडू, हेही असू शकतं.

बातमी येते कुठून?

मारियाची खरी मेहनत कॅमेऱ्यासमोर नव्हतीच. दलाली पेढ्यांत रोज पहाटे बैठक होते. विश्लेषक आपल्या विक्रेत्यांना सांगतात, आज अमुक शेअर वर धरा, तमुक सोडा. हे पूर्वी फक्त मोठ्या ग्राहकांना फोनवरून कळायचं. मारिया त्या लोकांना फोन करून बैठकीत काय ठरलं ते काढून घ्यायची आणि टीव्हीवर सांगून टाकायची. पेढ्या चिडायच्या, कारण ज्या माहितीसाठी बडे ग्राहक त्यांना दलाली मोजत होते ती आता न्हाव्याच्या दुकानात फुकट मिळत होती. हे तिचं श्रेय निर्विवाद आहे. कंपन्यांनी आतली माहिती निवडक लोकांच्या कानात सांगू नये, असा नियम अमेरिकेत लागू झाला तो त्यानंतर, ऑक्टोबर 2000 मध्ये.

अशा कामाचं भांडवल म्हणजे ओळखी, आणि ओळख वाढते जेवणावळीत. शनिवार, 29 एप्रिल 2006 ची रात्र. वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउसच्या वार्ताहरांची वार्षिक मेजवानी होती. बेन बर्नान्के यांना अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडचे, अध्यक्ष होऊन तीनच महिने झाले होते. फेड हे आपल्या रिझर्व्ह बँकेसारखं. फेडने व्याजदर वाढवला की कर्ज महागतं, धंदा मंदावतो, शेअर सहसा उतरतात. दोनच दिवसांपूर्वी बर्नान्के यांनी संसदीय समितीसमोर दरवाढ थोडी थांबू शकते असं सुचवलं होतं आणि बाजार खुशीत होता. मेजवानीत मारियाने त्यांना गाठून विचारलं, बाजाराने तुमचं म्हणणं बरोबर घेतलं का? त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता, नाही.

सोमवारी, 1 मेच्या दुपारी, तिने हे वाहिनीवर सांगितलं. वर चाललेला बाजार शेवटच्या तासात खाली वळला. त्याच महिन्यात सिनेटच्या समितीपुढे बर्नान्के यांना ती आपली चूक होती हे मान्य करावं लागलं. तिची बातमी मात्र चोख होती. फेडने 10 मे रोजी दर वाढवला आणि 29 जूनला पुन्हा वाढवला.

जेवणाच्या टेबलावरचं बोलणं बातमीत द्यावं का, यावर तेव्हा वाद झाला. माझं मत तिच्या बाजूने आहे. मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षाने वार्ताहराशी बोलताना आपण कुणाशी बोलतोय हे विसरायचं नसतं. पण ओळखीची किंमत पत्रकारालाही मोजावी लागते. पुढच्याच वर्षी ती सिटीग्रुप या बँकेच्या खासगी विमानातून चीनहून परतल्याची बातमी गाजली. प्रवास कामाचा आणि आमच्या परवानगीने होता, असं वाहिनीने सांगितलं. ते मान्य केलं तरी, ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याच गाडीत बसलं की बघणाऱ्याला प्रश्न पडतोच.

तराजू नसलेल्या दुकानात

नोव्हेंबर 2013 मध्ये तिने वीस वर्षांनंतर सीएनबीसी सोडली आणि ती फॉक्सच्या व्यापार वाहिनीकडे गेली. तिथे रविवारचा राजकीय कार्यक्रमही मिळाला, आणि हळूहळू बाजार मागे पडून राजकारण पुढे आलं. 8 नोव्हेंबर 2020 च्या कार्यक्रमात डॉनल्ड ट्रम्प यांच्या बाजूच्या वकील सिडनी पॉवेल यांनी मतमोजणी यंत्रांच्या डोमिनियन कंपनीवर निवडणुकीत घोटाळा केल्याचे आरोप केले. त्यांना पुरावा नव्हता. डोमिनियनने फॉक्सवर दावा लावला. त्यात या कार्यक्रमाचाही समावेश होता, आणि एप्रिल 2023 मध्ये फॉक्सने 78 कोटी 75 लाख डॉलर देऊन तो मिटवला.

फोन करकरून बातमी पक्की करणारी बाई इथवर कशी आली? त्याची राजकीय कारणं अमेरिकेतले लोक सांगतील. मला एक साधं, धंद्यातलं कारण दिसतं. बाजाराच्या वार्ताहराच्या शेजारी कायम एक तराजू असतो. चुकीचं बोललात तर काही मिनिटांत भाव परत फिरतो, पैसे गमावलेले लोक फोन करतात, आणि ज्या दलालाने तुम्हाला ते सांगितलं तो उद्या तोंड चुकवतो. राजकारणाच्या कार्यक्रमात असा तराजू नसतो. तिथे चुकीच्या वाक्यावर भाव पडत नाही, उलट प्रेक्षक वाढू शकतात. पंचवीस वर्षं तराजूच्या भरवशावर काम केलेल्या माणसाला तो काढून घेतल्याचं कदाचित जाणवतही नसेल.

आता फ्लोअरवर कोण असतं?

न्यूयॉर्क शेअर बाजाराचं दालन अजून आहे. साडेनऊला घंटा होते, पाहुणे टाळ्या वाजवतात, वाहिन्यांचे कॅमेरे फिरतात. पण बहुतेक सौदे आता शेजारच्या न्यू जर्सी राज्यात, माहवा या गावच्या एका प्रचंड इमारतीत होतात. तिथे रांगेने संगणक उभे आहेत. बातमीचा मथळाही आता आधी संगणकच वाचतात आणि माणसाने डोळा मिचकावण्याच्या आत सौदा करून मोकळे होतात. बसे आणि ग्रीन यांचे पंधरा सेकंद त्यांच्या लेखी एक युग आहे.

मी हे सगळं मामाला सांगितलं. हापूसच्या पेट्या त्याला लगेच पटल्या, कांद्याची गोण तर फारच आवडली. "म्हणजे ती नाव घेते तेव्हा मी घ्यायचंच नाही?" त्याने विचारलं. मी म्हटलं, घ्यायचं असेल तर तिने नाव घेण्याआधी महिनाभर त्या कंपनीचा ताळेबंद वाचून घे. त्याने जरा विचार केला, चष्मा पुसला आणि आवाज एक घर वाढवला. स्वयंपाकघरातून मामी म्हणाली, "बारीक कर तो!"